रक्तगट विचारून ठेवा

बैठकीत हप्ता-व्याजाचा हिशेब झाला की आम्ही हल्ली प्रत्येकीला विचारतो, तुझा रक्तगट कोणता? नवऱ्याचा मोबाईल नंबर सगळ्यांना पाठ. रक्तगट मोजक्याच सांगतात.

ओ गटाच्या बाईच्या रक्तात ए आणि बी या दोन्ही गटांविरुद्धची प्रतिपिंडं लहानपणापासूनच असतात. डॉक्टर त्यांना अँटिबॉडी म्हणतात. त्यातली बरीच आयजीएम जातीची. पाच जणींनी फेर धरावा तशी त्यांची रचना. मोकळं असताना हे प्रतिपिंड चांदणीसारखं सपाट असतं. परक्या रक्तपेशीवर बसलं की खेकड्यासारखे पाय खाली वाकवतं, आणि त्याची आतली बाजू उघडी पडते. तिथे सी-वन-क्यू नावाचं प्रथिन येऊन चिकटतं. तिथून एकामागून एक प्रथिनं जागी होतात. याला पूरक प्रणाली म्हणतात, इंग्रजीत कॉम्प्लिमेंट. शेवटी पेशीला भोकं पडून ती फुटते. लघवी लाल होते, मूत्रपिंडं बंद पडू शकतात, जीवही जातो. म्हणून रक्त देण्याआधी क्रॉसमॅच करतात. त्याला वेळ लागला तर रक्तपेढीत भांडू नका, बायांनो.

आता निगेटिव्ह गटाच्या मैत्रिणींसाठी. आईचं रक्त निगेटिव्ह आणि बाळाचं पॉझिटिव्ह असेल, तर आईत डी-विरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. ती आयजीजी जातीची, सुटी सुटी, दोन हातांची. सी-वन-क्यूला पकड मिळायला ती शेजारी शेजारी जमावी लागतात. लाल पेशीवर डीच्या खुणा विरळ, त्यामुळे ही साखळी सहसा सुरूच होत नाही. पण धोका टळत नाही. आयजीएम वारेतून बाळाकडे जात नाही, आयजीजी जातं. बाळाच्या पेशींना ते चिकटतं आणि बाळाची पाणथरी त्या पेशी मोडते. रक्त कमी होतं, कावीळ होते, कधी बाळ पोटातच दगावतं. पहिलं बहुधा सुटतं, पुढच्याला त्रास. मग घरचे सुनेलाच बोल लावतात!

यावर अँटी-डीचं इंजेक्शन आहे. साधारण 28व्या आठवड्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांत. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना विचारायचंच. आईत प्रतिपिंडं एकदा तयार झाली की मग त्याचा उपयोग नाही.

पुढच्या बैठकीला गरोदर मैत्रिणींनी आपलं माता-बाल कार्ड घेऊन या. रक्तगटाची जागा कोरी असेल तर आशाताईंना तिथेच विचारू.