पाया भरण्याआधी

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सोसायटीचे सभागृह बांधायचे आपण ठरवतो आहोत. नकाशा तयार आहे, अंदाजपत्रकही आले. त्यात एक बाब मला दिसली नाही, ती म्हणजे जमीन तपासण्याचा खर्च. आज तेवढ्यावरच बोलतो.

मी इंजिनिअर नाही. पण बँकेत असताना विहिरीच्या कर्जाची प्रकरणे पुष्कळ हाताखालून गेली. एका विहिरीला भरपूर पाणी आणि बांधापलीकडची कोरडी! लोक नशिबाला बोल लावायचे. कारण मात्र खडकात असायचे. तेव्हापासून या विषयाची गोडी लागली.

आपला वाशिम जिल्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर बसला आहे. वरून सगळा काळा दगडच. पण घट्ट काळ्या पाषाणाला बहुधा भेगा असतात, त्यांतून पाणी निसटते. उलट, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक खोलवर, न झिजलेला असला तर पुष्कळदा सलग असतो, पाणी जाऊ देत नाही. दोन थरांमध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा निघतो, तो पाण्याने सैल होतो. म्हणजे कठीण दिसला तो चांगला, हा हिशेब नेहमी जुळत नाही.

हे ओळखणारा माणूस म्हणजे अभियांत्रिकी भूवैज्ञानिक. बोअर घेऊन खडकाचा गाभा वर काढायचा, भेगा कुठे आणि किती ते मांडायचे, पाया खोदताना पुन्हा खाली उतरून पाहायचे, हे त्याचे काम. कोयनेचे उदाहरण घ्या. पोफळीचे वीजघर डोंगराच्या पोटात कोरले आहे. 13 मार्च 1999 रोजी तर जलाशय रिकामा न करता खालून बोगदा नेला आणि शेवटी राखलेला खडकाचा बूच सुरुंगाने उडवला. तो बूच आधीच ढासळला असता तर? तो खडक टिकेल की नाही, हे आधी नीट जाणून घेतल्याशिवाय असे काम करता येत नाही.

आपले काम लहान आहे, पण आसेगावची काळी माती काही कमी खोडकर नाही. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया तिच्यातच राहिला तर भिंती तडकतात, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी रेघ निघते. पाया मुरमात किंवा खडकात उतरला पाहिजे. मुरूम फार खोल असेल तर इंजिनिअर वेगळ्या पायाचा विचार करील.

कोणी म्हणेल, शेजारची घरे उभी आहेतच की! पण मुरूम एका कोपऱ्यात चार फुटांवर लागतो आणि दुसऱ्यात त्याच्या दुप्पट खोल असू शकतो. कर्ज देताना आम्ही सात-बारा बघायचो, वकिलाचा सर्च रिपोर्ट मागायचो. जमिनीचे कागद इतके तपासायचे आणि तिचे पोट एकदाही बघायचे नाही, हे कसे चालेल?

म्हणून माझी सूचना : चारही कोपऱ्यांवर आणि मध्ये चाचणी खड्डे घ्यावेत, जाणकाराकडून लेखी अहवाल घ्यावा, मगच निविदा काढाव्यात. तो अहवाल सोसायटीच्या दप्तरी जपून ठेवावा. पुढे मजला चढवायचा झाला तर तोच मुलांच्या कामी येईल. येत्या सर्वसाधारण सभेत असा ठराव व्हावा, ही विनंती.