नव्या पेढीवरील जुनी पत

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



इंटरनेटवरील व्यावसायिक परिचयाच्या संकेतस्थळांचा व्यवसायासाठी परिणामकारक उपयोग कसा करावा, हा आजचा विषय आहे. विषय नवा वाटला, तरी त्याचा गाभा आपल्याला परका नाही. पूर्वी आपल्या पेढ्यांवर शाहजोग हुंडी चालत असे. ती घेऊन येणाऱ्या कोणाही माणसाला पैसे मिळत नसत. बाजारात पत असलेल्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यामार्फत, म्हणजे ‘शहा’मार्फत ती आली, तरच ती वटत असे. दोन अनोळखी माणसांच्या मध्ये विश्वासाचा तिसरा माणूस उभा करणे, हे त्या व्यवस्थेचे मर्म होते. आजच्या संकेतस्थळांचेही मर्म तेच आहे.

या संकेतस्थळांत लिंक्डइन सर्वांत मोठे. ते २००३ च्या मे महिन्यात अमेरिकेत सुरू झाले, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतले आणि २०२३ मध्ये त्याची सदस्यसंख्या १०० कोटींवर गेली. तेथे आपल्या थेट परिचितांचे पहिले वर्तुळ असते आणि परिचितांच्या परिचितांचे दुसरे. अमुक कंपनीच्या खरेदी-अधिकाऱ्याला आपल्यापैकी कोण ओळखते, हे त्यावर दिसते. ज्या शोधासाठी पूर्वी महिने लागत, तो आता काही मिनिटांत होतो.

परंतु कोणत्या ओळखी उपयोगी पडतात? मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एक महत्त्वाचा विचार मांडला. नवी माहिती निकटच्या मित्रांपेक्षा दूरच्या परिचितांकडून अधिक मिळते, कारण निकटच्या माणसांना बहुधा तेच ठाऊक असते, जे आपल्याला ठाऊक असते. लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांच्या पाच वर्षांतील व्यवहारांवर आधारलेला अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नोकरी मिळण्यासाठी फार जवळचे नव्हेत आणि अगदी अनोळखीही नव्हेत, असे परिचित सर्वाधिक उपयोगी ठरतात, असे त्यात आढळले. अभ्यास नोकरीविषयीचा असला, तरी व्यापाऱ्यानेही त्यातून बोध घ्यावा.

आपली अडचण नेमकी येथेच आहे, हे मी स्पष्टपणे सांगतो. आपले व्यवहार बहुधा आपल्याच पेठेत, आपल्याच नात्यागोत्यांत चालतात. त्यामुळे विश्वास भरपूर, पण वार्ता तीच, गिऱ्हाईक तेच आणि स्पर्धाही आपसांतच. नव्या पिढीतील मुले दुकानात बसण्यास नाखूश असतात, त्याचे हेही एक कारण आहे.

उदाहरणार्थ सांगलीच्या हळदीचा व्यापार घ्या. या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. समजा, तेथील एखाद्या व्यापाऱ्याने आपल्या परिचय-पानावर ‘हळदीचे घाऊक व्यापारी, उत्तम दर्जा, वाजवी भाव’ एवढेच लिहिले, तर औषध-कंपनीच्या खरेदी-अधिकाऱ्याला त्यातून काहीच कळणार नाही. त्याला हळदीतील कर्क्युमिनचे प्रमाण, ओलावा, कीटकनाशकांच्या अंशाचा प्रयोगशाळेतील अहवाल, मसाला मंडळाची निर्यातदार म्हणून नोंदणी आणि महिन्याला किती टन माल देता येईल, हे हवे असते. म्हणून पहिले सूत्र असे, की गिऱ्हाइकाच्या मनात येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे आपल्या पानावर आधीच असावीत.

दुसरे सूत्र, परिचयाचे निमंत्रण पाठविताना कारण लिहावे. आपण कोण, त्या व्यक्तीलाच का लिहीत आहोत, हे दोन वाक्यांत सांगावे. पहिल्याच पत्रात भावपत्रक पाठविणे म्हणजे ओळख होण्यापूर्वीच वसुलीला जाणे होय. शेकडो जणांना एकच मजकूर पाठविल्याने ओळखी वाढत नाहीत, केवळ नाव खराब होते.

तिसरे सूत्र, मागण्यापूर्वी द्यावे. यंदाची आवक कशी आहे, पावसाचा पिकावर काय परिणाम झाला, साठवणुकीत कोणती काळजी घ्यावी, यांवर आठवड्यातून एकदा चार ओळी लिहाव्यात. ज्याला हे सतत वाचावयास मिळते, तो गरज पडताच आपली आठवण काढतो. जुन्या ग्राहकांनाही दोन शब्दांची शिफारस लिहिण्याची विनंती करावी. मात्र शिफारस खऱ्या व्यवहाराचीच असावी.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे सूत्र म्हणजे पडताळणी. पडद्यावरील छायाचित्र आणि हुद्दा म्हणजे पत नव्हे. भारतीय व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे तेथे दिसते. कंपनीची नोंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. परदेशी खरेदीदारासाठी ईसीजीसी या केंद्र सरकारच्या कंपनीकडून निर्यात-पतविमा घ्यावा अथवा बँकेमार्फत पतपत्राचा आग्रह धरावा. ‘आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरा’ असा संदेश आल्यास, पूर्वीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री केल्याखेरीज एक रुपयाही भरू नये. फसवणूक झालीच, तर संकोच न करता तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे, कारण आरंभीच्या काही तासांत रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

हे काम पगारी माणसावर सोपवून मोकळे होऊ नका. घरातील शिकलेल्या मुली-सुनांना, मुलांना त्यात सहभागी करा. त्यांना तंत्र येते, वडीलधाऱ्यांना माणसांची पारख असते. दोन्ही एकत्र आल्यासच हे साधन फळते. आठवड्यातून तीन दिवस अर्धा-अर्धा तास एवढा वेळ आरंभास पुरे.

हुंडी काळाच्या ओघात मागे पडली, पण तिला वटविणारी पत मागे पडलेली नाही. दिलेला शब्द, सांगितलेला दर्जा आणि ठरलेली तारीख पाळणाऱ्याचे नाव पूर्वी चार पेठांत होत असे. आता ते चार खंडांत होऊ शकते. शब्द मोडणाऱ्याचे नावही तितक्याच वेगाने पसरते, याचे भान ठेवून या नव्या पेढीची पायरी चढावी, एवढीच विनंती.