फायबर दारात आलं, वायफाय माजघरापर्यंत न्या

घरात ‘नेट गेलं’ अशी हाक उठते, तेव्हा बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट गेलेली असते. एक म्हणजे खांबांवरून घरात येणारी फायबरची लाइन. दुसरी म्हणजे त्या लाइनवरचं इंटरनेट घरभर पसरवणारा, राउटरच्या पेटीतला छोटासा रेडिओ, म्हणजे आपलं वायफाय. वाडीत विहिरीला पाणी भरपूर आहे, पाट मात्र मध्येच फुटलाय, म्हणून शेवटच्या केळीला पाणी पोहोचत नाही. अशा वेळी कुणी विहीर उपसायला घेत नाही, आधी पाट बघतो. नेटच्या बाबतीत मात्र आपण थेट कंपनीला फोन लावतो आणि माणूस येईपर्यंत वाट बघत बसतो. तो पाट घरच्या घरी कसा बघायचा आणि मुळात नीट कसा काढायचा, ते आज सांगतो.

पालघर तालुक्यात माकुणसारला एका घरी मी गेलो होतो. फायबर नवीन, पेटी नवीन, तरी कुणाच्याच मोबाइलवर वायफायचं नाव दिसेना. मुलीचा प्रवेशाचा अर्ज भरायचा होता, ती शेजारी जाऊन बसली होती. पेटीवरचे दिवे बघितले. पॉवरचा हिरवा, ‘पॉन’ लिहिलेला हिरवा आणि स्थिर, ‘लॉस’ लिहिलेला विझलेला. म्हणजे लाइन अगदी ठणठणीत होती. फक्त ‘डब्ल्यू-लॅन’ लिहिलेला दिवा बंद होता. पेटी फिरवली, तर मागे तांदळाच्या दाण्याएवढं बटण. झटकणी फिरवताना ते दाबलं गेलं होतं. पुन्हा दोन-तीन सेकंद दाबून धरलं आणि दिवा लागला, नाव दिसलं, काम झालं. घरातल्या काकू म्हणाल्या, “अहो, हे बटण आम्हाला कुणी दाखवलंच नव्हतं.” त्यांचं म्हणणं खरं आहे. पेटी बसवणारा माणूस घाईत असतो, दिवसाला अनेक घरं करतो. म्हणून तो आलेला असतानाच विचारून घ्यायचं: वायफायचं बटण कुठलं, रिसेटचं कुठलं आणि कुठला दिवा कसला.

दिवे एकदा ओळखू लागलात की अर्धं काम झालं. ‘लॉस’चा लाल दिवा लुकलुकतोय, याचा अर्थ पेटीपर्यंत प्रकाशच पोहोचत नाही. केबल तुटली असेल, कुठे मुडपली असेल, नाहीतर मागची पिन सैल झाली असेल. त्याला घरात काही सेटिंग करून उपयोग नाही, तिथे कंपनीलाच बोलवावं लागतं. फायबर म्हणजे केसासारखी काचेची तार, तिच्यातून लेझरचा प्रकाश जातो. तिला दाराच्या फटीत चेपू नका, खिळ्याभोवती घट्ट गुंडाळू नका. वळण द्यायचं तर बांगडीएवढं तरी गोल ठेवा. आणि पिन काढून तिच्या तोंडाशी डोळा लावू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

आता जागा. माझ्या मते सगळ्यात जास्त चूक इथेच होते. केबल ज्या खिडकीतून आत येते, त्याच खिडकीखाली पेटी ठोकून टाकतात. आपल्याकडची वाडीतली घरं लांबट. पुढे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि पडवी, वर माडी. पेटी ओटीच्या कोपऱ्यात बसली, तर अर्धी लहर अंगणातल्या नारळांना मिळते आणि मागच्या पडवीत मोबाइलवर ते चक्र गोल गोल फिरत राहतं. भोक पाडण्याआधीच सांगा की केबल माजघरापर्यंत न्यायची आहे. थोडी जास्त केबल लागेल, वेगळे पैसे पडले तरी द्या. पेटी उघड्यावर, खांद्याच्या उंचीवर, घराच्या साधारण मध्यावर. टीव्हीच्या मागे नको, लोखंडी कपाटावर नको, फ्रिजच्या किंवा पाण्याच्या पिंपाच्या आड नको. धातू ही लहर परतवतो आणि पाणी ती शोषतं. मोठा आरसासुद्धा आडवा येतो, कारण त्याच्या मागे धातूचा लेप असतो.

तुम्ही म्हणाल, मुंबईहून निघालेलं आकाशवाणीचं प्रसारण माकुणसारला, केळव्याला, बोईसरला ऐकू येतं, मग वायफायला एक भिंत का जड जाते? मध्यम लहरींची लांबी साधारण दोनशे ते साडेपाचशे मीटर असते आणि केंद्राची ताकद किलोवॅटमध्ये मोजतात. वायफायची एक लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही, आणि राउटरची ताकद एका वॅटच्या दहाव्या भागाच्या आसपास. एवढ्याशा ताकदीवर तो विटांची जुनी जाड भिंत किंवा सळयांचा स्लॅब किती पार करणार? एकेकाळी नुसता रेडिओ घरात ठेवायला परवाना लागायचा. वायफायची ही लहर मात्र कमी ताकदीच्या अटीवर आपल्या देशात 2005 पासून परवान्याशिवाय मोकळी आहे. म्हणून कुणालाही घरच्या घरी हा रेडिओ चालवता येतो.

पेटीला बहुधा दोन पट्टे असतात, 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झ. पहिला लांब जातो, भिंती बऱ्यापैकी पार करतो, पण वेग कमी. दुसरा वेगवान, पण एका खोलीपलीकडे थकतो. पेटीजवळ बसून ऑफिसचं काम किंवा व्हिडिओ कॉल करणाऱ्याने 5 घ्यावा, मागच्या पडवीत मोबाइल बघणाऱ्याने 2.4. बरेच कॅमेरे, स्मार्ट बल्ब आणि जुने मोबाइल 5चा पट्टा ओळखतच नाहीत, म्हणून दोन्ही पट्टे चालू ठेवा आणि त्यांना वेगवेगळी नावं द्या, म्हणजे कुठे जोडलोय ते कळतं.

आता प्रत्यक्ष सेटिंग. पेटी उलटी करा. खाली एक स्टिकर असतो. त्यावर वायफायचं नाव, त्याचा पासवर्ड, 192.168.1.1 असा चार आकड्यांचा पत्ता आणि त्या पानावर शिरण्याचं नाव व पासवर्ड छापलेला असतो. काही पेट्यांवर पत्ता थोडा वेगळा असतो, जो छापलाय तोच घ्या. आधी या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. पावसाळ्याच्या दमट हवेत दोन वर्षांत ती अक्षरं पुसट होतात.

मोबाइल त्या वायफायला जोडा आणि मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करा. हे महत्त्वाचं आहे. डेटा चालू राहिला आणि लाइनवर नेट नसलं, तर मोबाइल गुपचूप सिमकार्डाच्या वाटेने जातो आणि पेटीचं पान काही उघडत नाही. मग ब्राउझरच्या वरच्या पट्टीत तो पत्ता टाका. शोधण्याच्या चौकटीत नाही, अगदी वरच्या पट्टीत. पान उघडेल, नाव-पासवर्ड मागेल. आत ‘वायरलेस’ किंवा ‘डब्ल्यू-लॅन’ असा विभाग दिसेल. तिथे ‘एनेबल’ समोर खूण आहे का बघा, नसेल तर करा. वायफाय चालू करणं म्हणतात ते एवढंच.

त्याच पानावर नाव बदला. नावात घर क्रमांक, आडनाव किंवा मोबाइल नंबर घालू नका. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ते नाव दिसतं. सुरक्षेच्या रकान्यात ‘डब्ल्यूपीए-टू’ किंवा असेल तर ‘डब्ल्यूपीए-थ्री’ निवडा. ‘ओपन’ आणि ‘डब्ल्यूईपी’ कधीच नको. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो, पण तुम्ही पंधरा-सोळांचा ठेवा. घरातल्यांनाच सुचतील असे तीन शब्द, मध्ये एखादा आकडा. आजीला तोंडपाठ व्हायला हवा आणि गल्लीतल्या पोराला ओळखता यायला नको. मोबाइल नंबर हा पासवर्ड नव्हे, तो अख्ख्या गावाकडे असतो.

‘सेव्ह’ किंवा ‘अप्लाय’ दाबलं की मोबाइलचं वायफाय तुटेल. इथे पुष्कळ जण घाबरतात आणि पेटीचा स्विच बंद करतात. तसं करू नका. नाव-पासवर्ड बदलल्यावर तुटायलाच हवं. मिनिटभर थांबा. मोबाइलमधलं जुनं नाव ‘फरगेट’ करा आणि नवीन नाव नव्या पासवर्डने जोडा. मग पुन्हा त्याच पानावर जाऊन पेटीत शिरण्याचा पासवर्डही बदला. वायफायचा पासवर्ड घराच्या दाराचा, हा दुसरा कपाटाचा. तो छापील ठेवलात, तर वायफाय मिळालेला कुणीही पाहुणा आत जाऊन सगळं उलटंपालटं करू शकतो. ‘डब्ल्यूपीएस’ नावाची एक सोय असते, ती बंद ठेवा.

शेजारच्या मुलांना, पाहुण्यांना वायफाय द्यायला माझी हरकत नाही. आपल्याकडे कुणी मागितलं तर नाही म्हणवत नाही, आणि ती चांगली गोष्ट आहे. पण त्यांच्यासाठी ‘गेस्ट’ नावाची वेगळी सोय बहुतेक पेट्यांत असते, ती चालू करून द्या, आणि पासवर्ड अधूनमधून बदला. लाइन तुमच्या नावावर आहे. तिच्यावरून कुणी गैरप्रकार केला, तर पहिली चौकशी तुमच्याकडे येईल. आणि ‘मी कंपनीतून बोलतोय, अमुक ॲप घ्या, ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर लगेच ठेवून द्या. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

रिसेटच्या बटणाबद्दल एक कळकळीची विनंती. पेटीच्या मागे टाचणीने दाबायचं एक बारीक भोक असतं. ते दाबून धरलं की पेटीतली सगळी सेटिंग पुसली जातात, कंपनीने भरलेलं तुमच्या लाइनचं युजरनेम आणि पासवर्डसुद्धा. मग चालू असलेली लाइनही बंद पडू शकते. पेटी नुसती अडकली असेल, तर स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबा आणि परत लावा. टाचणीला हात लावू नका.

बोईसरला, एमआयडीसीच्या आसपासच्या चाळींत आणि इमारतींत वेगळी अडचण असते. तिथे एका मजल्यावर दहा-बारा पेट्या, आणि सगळ्या एकाच वाटेवर, म्हणजे एकाच चॅनलवर, बोलतात. रेंज पूर्ण दिसते, पण रात्री पाळी सुटून माणसं घरी आली की वेग मरतो. 2.4च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11. मोबाइलवर वायफाय तपासणारं मोफत ॲप घेऊन शेजारी कुठले चॅनल वापरतात ते बघा, पेटीच्या पानावर मोकळा निवडा आणि चॅनलची रुंदी 20 मेगाहर्ट्झवर ठेवा. माकुणसारच्या वाडीत घरं लांब लांब असल्याने हा त्रास सहसा होत नाही.

वाडीत अडचण असते ती पोहोचण्याची. त्यासाठी लोक रिपीटर आणतात आणि नेमका रेंज नसलेल्या खोलीत लावतात. रिपीटर ऐकलेलंच पुन्हा बोलतो. त्यालाच ऐकू आलं नाही तर तो काय बोलणार? तो मध्यावर, रेंज अजून चांगली आहे तिथे लावायचा. तरी वेग घटतो. माझा सल्ला, शक्य असेल तर पेटीपासून मागच्या खोलीपर्यंत साधी लॅनची केबल ओढा आणि तिथे दुसरा राउटर लावा. ही केबल शंभर मीटरपर्यंत चालते. दुसऱ्या राउटरला पहिल्यापेक्षा वेगळा पत्ता द्या, त्यातलं ‘डीएचसीपी’ बंद करा आणि केबल त्याच्या ‘लॅन’च्या भोकात घाला, ‘वॅन’च्या नाही. ही तांब्याची केबल अंगणातून, उघड्यावरून मात्र नेऊ नका. विजा कडाडतात तेव्हा ती धोक्याची.

पावसाळ्याच्या तोंडाशी गडगडाट सुरू झाला की पेटीचा अडॅप्टर प्लगमधून काढून ठेवा. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही, पण तिच्या केबलला आधारासाठी बहुधा बारीक पोलादी तार असते. म्हणून वादळात तुटून पडलेली केबल, ती फायबरचीच आहे असं वाटलं तरी, हाताने उचलू नका. मे 2021मधल्या तौक्ते वादळात आपल्या किनाऱ्यावर झाडं आणि तारा एकत्रच कोसळल्या होत्या. वर विजेची तार टेकली आहे की नाही, हे खालून कळत नाही.

वीज गेली तरी नेट चालू हवं असेल, तर राउटरसाठी छोटा बॅटरी-बॉक्स मिळतो. घेताना अडॅप्टरवरचा मजकूर वाचा. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, बहुतेकांना 12 लागतात. ॲम्पियर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत.

एक प्रश्न मला घरोघरी विचारतात, विशेषतः लहान मूल असलेल्या घरी. वायफायच्या लहरी बाधतात का? 1969 पासून तारापूरचं अणुवीज केंद्र शेजारी असलेल्या आपल्या लोकांना हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. अणुकेंद्रातले किरण अणूतले इलेक्ट्रॉन उडवू शकतात. वायफायची लहर रेडिओच्या जातीची आहे, तिच्यात तेवढी ताकद नसते. एवढ्या कमी ताकदीच्या लहरींनी आरोग्याला अपाय होतो, असा ठोस पुरावा जागतिक आरोग्य संघटनेला आढळलेला नाही. तरी रात्री बंद करायचं असेल, तर खुशाल करा, पेटीचं काही बिघडत नाही. मुलांची झोप तेवढीच वाढेल.

आणि सगळं तपासूनही ‘लॉस’चा दिवा लालच असेल, तर कंपनीला फोन करा आणि नेमकं सांगा: ‘लॉस लाल आहे, वायफाय चालू आहे, पेटी बंद करून परत लावून झाली.’ एवढं ऐकल्यावर तेच ते प्रश्न कमी विचारतात आणि माणूस योग्य सामान घेऊन येतो. तक्रार नोंदवली की तिचा क्रमांक मागून घ्या आणि तारखेसह लिहून ठेवा. काम झालं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते, आणि तिथे हा क्रमांक विचारतात.