काव : देवळाच्या भिंतीवरून घराच्या भिंतीवर

(व्याख्यानाचा संपादित अंश)



गोव्याच्या पेडणे तालुक्यातील मोरजी येथे मोरजाईचे देऊळ आहे. त्याच्या भिंतींवर तांबड्या-पांढऱ्या रंगांत जी वेलबुट्टी दिसते, ती काव कला. कोकण, गोवा आणि उत्तर कन्नड या किनारपट्टीने ती जोपासली. देवळांप्रमाणे काही जुन्या घरांच्या भिंतींवरही ती होती. तेव्हा तिचे घरात येणे ही नवलाई नव्हे.

तिची कृती समजून घेतली पाहिजे. शिंपले भाजून केलेला चुना, धुतलेली नदीची वाळू आणि गुळाचे पाणी हे मिश्रण मुरवून कुटतात आणि त्याचा पांढरा गिलावा देतात. त्यावर जांभ्याच्या मातीतून मिळणाऱ्या कावेचा तांबडा थर चढतो. तो ओला असतानाच कारागीर अणकुचीदार हत्याराने नक्षी खरवडतो आणि खालचा शुभ्र चुना उजळून वर येतो. चुकलेली रेघ पुसता येत नाही. त्या हाताला किती साधना लागत असेल, याची कल्पना करावी!

जीर्णोद्धाराच्या उत्साहात अशा भिंतींवर सिमेंट, तैलरंग किंवा चकचकीत फरश्या चढल्या, की नक्षी कायमची जाते. तिच्याबरोबर कारागिराचे कामही जाते आणि मुलगा बापाचे हत्यार हाती घेत नाही.

यावर आजचा गृहसजावटीचा व्यवसाय उपाय ठरू शकतो; मात्र दोन पथ्ये पाळावी लागतील. संगणकावर नक्षी उचलून पेल्यांवर आणि अभ्र्यांवर छापली, तर माल विकला जाईल, परंतु चुना कुटणाऱ्या हाताला त्यातून दमडीही मिळणार नाही. म्हणून कृती तीच हवी. चुना लवचीक आधारावर तडकतो. पक्क्या विटेवर किंवा भाजलेल्या कौलावर तो धरतो. देवघराची मागची भिंत, तुळशीवृंदावनाची बाजू, बैठकीतील दोन फुटांचा चौकोन, एवढ्या जागेतही खरी काव शोभेल. दुसरे पथ्य औचित्याचे. वेल, फूल, भौमितिक आकृती कोठेही चालतील. देवतेची आकृती मात्र पायाखालच्या वस्तूवर कदापि येऊ नये.

किंमत अर्थातच छापील वस्तूहून अधिक पडेल. लग्नकार्यातील रोषणाईवर आपण सहज खर्च करतो. त्यातला थोडा वाटा या हातांना द्यावा. आणि गावच्या देवळाचे काम निघाले, तर विश्वस्तांना रंगाचा डबा उघडण्यापूर्वी एवढेच विचारावे : या भिंतीखाली काय आहे, ते कोणी पाहिले आहे का?