मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, सरकारी विमा आणि आपला संकोच



यंदाच्या मेळाव्यात ज्येष्ठांच्या आरोग्याविषयी आम्ही चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन सारी उमेद शाळेच्या फळ्यापुढे घालविलेले शिक्षक आहोत. म्हणून आरोग्याच्या अफाट विषयाला हात न घालता, जी व्याधी आपल्या बहुतेक घरांत येऊन गेली आहे किंवा येणार आहे, आणि जिच्या खर्चाची तरतूद सरकारने केलेली असूनही आपली माणसे चाचपडत बसतात, त्या मोतीबिंदूविषयीच बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

डोळ्यातील जे भिंग जन्मतः काचेसारखे स्वच्छ असते ते वयोमानाने गढूळ होत जाते, एवढाच या रोगाचा अर्थ. त्यावर थेंब नाही, काढा नाही, अंजन नाही. शस्त्रक्रिया हाच उपाय. २०१५ ते २०१९ या काळात आपल्या देशात दृष्टिदोषाची जी पाहणी झाली, तीत पन्नाशी उलटलेल्या लोकांतील अंधत्वाचे सुमारे ६६ टक्के कारण मोतीबिंदू हेच निघाले. म्हणजे आंधळ्या म्हाताऱ्यांपैकी तिघांत दोघांना पुन्हा दिसू शकते! आणि स्त्रियांत अंधत्वाचे प्रमाण पुरुषांहून अधिक आढळले. याचे नवल आम्हांस वाटले नाही. पुरुषाला वर्तमानपत्र वाचता येईनासे झाले की घरभर गवगवा होतो. तांदूळ निवडताना खडा दिसत नाही, सुईत दोरा ओवला जात नाही, हे बाई सुनेलासुद्धा सांगत नाही.

आता या आजाराभोवती जो एक जुना समज चिकटून बसला आहे त्याचा परामर्श घेणे अवश्य आहे. “अजून पिकला नाही, पिकू द्या,” असे आपण आजही ऐकतो. हा समज अगदीच निराधार होता असे नव्हे. पूर्वी गढूळ भिंग समूळ काढून टाकीत आणि रुग्णाला सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा जन्मभर वागवावा लागे. तेव्हा पूर्ण दिसेनासे होईपर्यंत थांबण्यात काही अर्थ होता. परंतु १९४९ साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडले यांनी डोळ्यातच कृत्रिम भिंग बसविण्याचा पहिला प्रयोग केला, १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून बारीक छेदातून ओढून घेण्याची रीत काढली, आणि सारे चित्र पालटले. आज रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी येतो. उलट फार पिकलेला मोतीबिंदू टणक होतो, काढावयास कठीण जातो, आणि कधी कधी डोळ्यातील दाब वाढून नजर कायमची जाण्याची भीती असते. आंबा पिकण्याची वाट पाहावी. मोतीबिंदूची पाहू नये.

मग अडते कोठे? पैशावर, असे सांगण्यात येते. ते पूर्वी खरे होते. आता फारसे खरे उरलेले नाही. १९७६ सालापासून अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे व त्याखाली सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया भिंगासह विनामूल्य होते. २०१८ च्या सप्टेंबरात आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली आणि पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले. २९ ऑक्टोबर २०२४ पासून तर सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, हेच संरक्षण लागू झाले. दुकानाचे मालक आणि त्यांचे दिवाणजी, दोघांनाही एकच ‘वय वंदना’ कार्ड! पतिपत्नी दोघेही सत्तरीपलीकडचे असल्यास ५ लाखांची रक्कम दोघांत मिळून असते. घरातील बाकीचे कुटुंब आधीच योजनेत असले तर ज्येष्ठांची ही रक्कम वेगळी धरली जाते. खासगी विमा असला तरी कार्ड मिळते. मात्र केंद्र सरकारच्या सेवकांच्या अथवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत जे आहेत, त्यांना दोहोंतून एकीची निवड करावी लागते.

खासगी विम्याशी याची तुलना करून पाहावी. खासगी पॉलिसीत मोतीबिंदूसाठी बहुधा दोन वर्षे थांबावे लागते आणि एका डोळ्यास किती रुपये मिळतील यावरही बंधन असते. सरकारी योजनेत पहिल्या दिवसापासून जुना आजारही धरला जातो.

येथे आमच्यासारख्यांची एक अडचण सांगितली पाहिजे. आम्ही साठी ओलांडली आहे, सत्तरी गाठलेली नाही. आणि मोतीबिंदू काही वयाचा दाखला पाहून येत नाही. अशा मधल्या वयाच्या माणसाने सत्तरीची वाट पाहत बसू नये. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. शिधापत्रिका पिवळी, केशरी की पांढरी हा भेद न करता सर्व कुटुंबांना तीत घेण्याचा व संरक्षण ५ लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ साली घेतला. तथापि कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात योजनेखाली होते याचे नियम असतात, काही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांसाठीच राखलेल्या असतात; म्हणून आधी तेथील आरोग्यमित्राला विचारावे. आणि काहीच जमले नाही तर जिल्हा रुग्णालयाचे दार उघडे आहेच.

वयाचा विषय निघाला म्हणून सांगतो. कार्डासाठी आधारपत्रावरील वय ग्राह्य धरतात. आमच्या व्यवसायातील जुन्या मंडळींनी, जन्मतारीख ठाऊक नसलेल्या पोरांना सरसकट १ जून ही तारीख बहाल केली. निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्यांनी एका दिवशी आणून ठेवला. आधारपत्रावर वय दोनचार वर्षांनी कमी लागले असेल तर ग्राह्य पुराव्यानिशी आताच दुरुस्त करून घ्यावे. दिसेनासे झाल्यावर ही धावपळ होत नाही.

परंतु खरा अडसर कागदाचा नाही, मनाचा आहे. “फुकटचे घेणे आपल्याला शोभत नाही,” हे वाक्य आपल्या ज्ञातीत आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की ते एखाद्या कुळाचाराप्रमाणे पाठ झाले आहे. अहो, फुकट कसले? केंद्र आणि राज्य सरकारे ६० व ४० या प्रमाणात या योजनेत पैसा घालतात, आणि तो येतो आपण साबणावर, चपलेवर, दुकानाच्या हिशेबावर भरलेल्या करांतून. पेन्शन घेताना आपला हात आखडत नाही. मग येथेच का?

हा संकोच दुसरीकडेही नडतो. आमच्या आळीतील चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका ज्ञातिभगिनीला एका खासगी रुग्णालयात, कार्ड दाखवूनही, “चांगले भिंग हवे तर वरचे पैसे भरा” असे सांगण्यात आले. मुलाने निमूटपणे भरले. पावतीही मागितली नाही. भिंग हे ठरलेल्या रकमेतच धरलेले असते आणि योजनेखाली रुग्णाकडून वेगळे पैसे घेण्यास मनाई आहे. १४५५५ या क्रमांकावर तक्रार करता आली असती. परंतु “डॉक्टरांशी वाद कशाला?” या सभ्यपणात ती राहून गेली.

आता आपल्या मंडळाकडे वळतो. वैद्यकीय साहाय्य निधीतून आपण शस्त्रक्रियेसाठी रोख मदत देतो. हेतू थोरच आहे. पण जो खर्च योजना करते त्यावर आपला तुटपुंजा निधी का वेचावा? योजना जे देत नाही ते पाहावे. घरी आल्यानंतर पंधरा दिवसांपर्यंतचे औषध तीत बसते. थेंब मात्र त्यापुढेही काही आठवडे घालावे लागतात. जवळचे वाचण्याचा चष्मा आपल्याच खिशातून घ्यावा लागतो. खेड्यातून येण्याजाण्याचे भाडे आहे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सोबत! मुले पुण्यात, मुंबईत, परदेशात. म्हातारीला रुग्णालयात नेणार कोण? कित्येक शस्त्रक्रिया पैशावाचून नव्हे, मुलाच्या रजेवाचून अडून राहिल्या आहेत. शाळेच्या वर्गात खाटा मांडून शस्त्रक्रिया करण्याचे जुने शिबिर पुन्हा भरवावे असेही काहींनी सुचविले आहे. जंतुसंसर्गाचा धोका पाहता ते आम्हांस मान्य नाही. शिबिरात तपासणी व्हावी, शस्त्रक्रिया रुग्णालयातच.

म्हणून आमची सूचना अशी की या निधीतून यापुढे प्रवासभाडे, चष्मा, थेंब व सोबतीचा खर्च द्यावा, आणि सोबत करण्यास तयार असलेल्या तरुणांची नावे कार्यालयात नोंदवून ठेवावीत. पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात आपली महाविद्यालयात जाणारी मुले मोबाईल घेऊन बसतील व कार्डे काढून देतील, असे चिटणीसांनी मान्य केले आहे. येताना आधारपत्र, शिधापत्रिका आणि आधारशी जोडलेला मोबाईल आणावा. ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी निरोप पाठवावा. मुले घरी येतील.