रायपूरच्या मातीतली मराठी नावं



रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ आहे. गणेशोत्सव असो की नाटक, शहरातली मराठी घरं तिथे जमतात. मंडळ १९३५ सालचं. पण मराठी माणूस छत्तीसगडात आला तो त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी.

आधी आली ती फौज. १७४१मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर रतनपूरवर चालून आले. पुढे १७५८पासून बिंबाजीराजे भोसले रतनपुरातच राहून कारभार पाहू लागले. तिथल्या रामटेकडीवरचं राममंदिर त्यांनीच बांधलं. १८१८नंतर इंग्रजांनी कारभाराचं ठाणं रायपूरला हलवलं आणि रतनपूर मागे पडलं.

पण मला सांगायचंय ते लेखणीवाल्यांबद्दल. १९०० साली माधवराव सप्र्यांनी छत्तीसगडातल्या पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केलं. जोडीला संपादक रामराव चिंचोलकर, प्रकाशक रायपूरचे वामनराव लाखे. तिघेही मराठी घरांतले. मासिक तीनच वर्षं चाललं, पण १९०१ साली त्यात सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली. एका विधवेची झोपडी जमीनदार बळकावतो. चुलीसाठी ती तिथली टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलायला त्याचाच हात मागते. त्याला ती हलत नाही. एवढं ओझं पेलवत नाही, तर साऱ्या जागेचं जन्मभर कसं पेलाल, असं ती विचारते. हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांमध्ये ही कथा गणली जाते. दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं तेही सप्र्यांनीच.

रायपुरातली बूढा तालाबाजवळची सप्रे शाळा आणि लाखेनगर ही नावं या माणसांची. भोसल्यांचं राज्य १८५४मध्ये बुडालं. ही नावं मात्र रिक्षावाल्याच्याही तोंडी आहेत. राज्य केल्यानं नव्हे, इथल्या लोकांच्या भाषेत, त्यांच्यासाठी राबल्यानं ती टिकली.

म्हणून इथल्या आईवडिलांना माझी विनंती आहे. घरात मराठी जपाच. पण एखाद्या रविवारी मुलांना सप्रे शाळेपाशी न्या, हे सप्रे कोण ते सांगा, आणि ती टोपलीची गोष्ट हिंदीतूनच मोठ्यानं वाचून दाखवा. परक्या मुलखाला आपलं कसं करावं, हे त्यांना त्यातून कळेल.