अंगणांतली बिट्टी

अंगणांतली पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतली. तिचीं फुलें आपण देवाला वाहतों. बियांनीं मुलें खेळतात. परंतु मूळ, पान, चीक, बी, तिचें सर्वांगच विषारी आहे. बी पोटांत गेल्यास तिच्यांतील थेवेटिन हें द्रव्य हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवितें. वांत्या होतात, नाडी मंदावते, प्राणावरहि बेततें.

झाड तोडाच, असा माझा आग्रह नाहीं. मात्र गळलेलीं फळें रोज वेंचून टाकावीं आणि परवच्याप्रमाणें झाडांची ओळखहि मुलांकडून पाठ करून घ्यावी. बी खाल्ल्याची नुसती शंका आली, तरी घरगुती उपायांत वेळ न दवडतां तडक रुग्णालय गाठावें. एखादें फळ दाखवावयास बरोबर न्यावें. मूल हसत-खेळत आहे म्हणून थांबूं नये. लक्षणें कित्येक तासांनींहि प्रकट होतात.